फॉरमॅट करूनही संगणक पुन्हा पुन्हा का बंद पडतो?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले, विमानांची उड्डाणे रखडली आणि ‘ब्लू स्क्रीन’ हा शब्द वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्या घटनेने एक समज अधिकच पक्का केला, तो असा की संगणक अशा रीतीने बंद पडला म्हणजे सॉफ्टवेअर बिघडले. घरच्या संगणकाच्या बाबतीत हा समज अनेकदा महागात पडतो. मुलांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज, टॉवेल-चादरीच्या छोट्या कारखान्याचे जीएसटीचे हिशेब अशी कामे करणारा संगणक मधूनच बंद पडू लागला की सोलापुरात काय किंवा इतरत्र काय, पहिला सल्ला ‘फॉरमॅट मारून घ्या’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून घ्या, हाच मिळतो. फॉरमॅट होतो, चार-आठ दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच सुरू होते.

हा विषय आत्ता मांडण्याचे आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित मोफत आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट मिळणे, संपला, त्यामुळे जुना संगणक दुरुस्त करावा की बदलावा हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. आणि नेमक्या त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरी चिपना आलेल्या प्रचंड मागणीमुळे रॅमच्या, म्हणजे चालू काम तात्पुरते साठवणाऱ्या मेमरीच्या, किमती भराभर चढल्या. अशा वेळी अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे कोणालाच परवडणारे नाही. पुन्हा पुन्हा बंद पडणाऱ्या संगणकाचा दोष बऱ्याच अंशी घरच्या घरी आणि जवळपास फुकट शोधता येतो, मात्र त्यासाठी तपासणीचा क्रम ठरवावा लागतो आणि जे दिसते ते लिहून ठेवावे लागते.

दोष सूचनांत आहे की यंत्रात?

हार्डवेअर म्हणजे संगणकाचे हाताला लागणारे भाग, आणि सॉफ्टवेअर म्हणजे त्या भागांनी काय करायचे याच्या सूचना. सोलापूरकरांना हा फरक मागाच्या उदाहरणाने चटकन कळेल. जॅकार्डवर चादर विणताना नक्षीतच चूक राहिली असेल, तर प्रत्येक चादरीत त्याच मोराच्या त्याच पिसाऱ्यात तोच दोष उमटतो, आणि ती नक्षी दुसऱ्या मागावर चढवली तरी दोष जागचा हलत नाही. उलट नक्षी बिनचूक असून मागाचाच एखादा भाग सैल झाला असेल, तर दोष कधी काठात, कधी मधोमध, तर कधी बऱ्याच चादरी नीट निघाल्यावर अचानक येतो, आणि नक्षी कितीदा नव्याने चढवली तरी तो थांबत नाही. फॉरमॅट करणे म्हणजे नक्षी नव्याने चढवणे होय. माग सैल असेल तर त्याने काही साधत नाही.

संगणकातही हीच खूण पाहायची असते. एकच प्रोग्रॅम उघडल्यावर, एकाच टप्प्यावर, एकाच संदेशासह तो बंद पडत असेल, किंवा एखादे अपडेट घेतल्याच्या दिवसापासूनच हा त्रास सुरू झाला असेल, तर संशय सॉफ्टवेअरवर घ्यावा, विशेषतः ड्रायव्हरवर, म्हणजे एखादा सुटा भाग विंडोजशी जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमवर. कधी गाणे ऐकताना, कधी टायपिंग करताना, कधी कोणी हातही लावलेला नसताना, आणि दर वेळी वेगळा संदेश देऊन बंद पडत असेल, तर हार्डवेअरकडे वळावे.

मग फॉरमॅटनंतर चार दिवस बरे का जातात, असा प्रश्न येथे कोणीही विचारेल. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये आपण वेगळा टाकलेला अँटिव्हायरस, मागे चालणारे दहा प्रोग्रॅम असे काही नसते, त्यामुळे संगणकावरचा भार हलका असतो. रॅमचा जो कोपरा खराब आहे तिथपर्यंत काम पोहोचतच नाही, आणि प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारी मुख्य चिप, हीही फारशी तापत नाही. जसजसे प्रोग्रॅम परत टाकले जातात तसतसा भार वाढतो आणि दोष पुन्हा उघडा पडतो. ‘व्हायरस असेल’ ही शंकाही इथेच मिटते. डिस्क पूर्ण पुसून खात्रीच्या ठिकाणाहून विंडोज टाकल्यानंतरही संगणक तसाच बंद पडत असेल, तर व्हायरसचा विचार मागे ठेवलेला बरा.

‘एखाद्या वेळी होते, लक्ष देऊ नये’ असेही अनेक जण म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख ग्राहकांच्या संगणकांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हार्डवेअरच्या दोषाने एकदा बंद पडलेला संगणक पुन्हा तसाच बंद पडण्याची शक्यता शंभर पटींपर्यंत वाढते, असे त्यात आढळले. म्हणून असा प्रसंग दुसऱ्यांदा घडला की तपासणीला लागावे.

तपासणीआधी आपल्या फाइली बाहेर काढाव्यात

हे वाचून झाल्यावर पहिली कृती हीच असावी. फोटो, हिशेबाच्या फाइली आणि मुलांचे प्रकल्प पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावेत, कारण दोष डिस्कचा असेल तर तपासणीत जाणारा प्रत्येक तास तिला आणखी थकवतो, आणि दोष रॅमचा असेल तर चुकीची माहिती फाइलींमध्ये लिहिली जाण्याचा धोका रोज वाढत असतो.

बंद पडतो म्हणजे नेमके काय होते?

‘बंद पडतो’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिल्या प्रकारात वायर उपटावी तसा संगणक क्षणात काळाठिक्कर पडतो आणि कोणताही संदेश दिसत नाही. तेथे संशय वीजपुरवठ्यावर किंवा उष्णतेवर जातो. दुसऱ्या प्रकारात चित्र गोठते, माउस हलत नाही, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहतो. तेथे रॅम, डिस्क किंवा ग्राफिक्स पाहावे. तिसऱ्या प्रकारात निळा पडदा येतो, आणि २०२५ पासून विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत तोच पडदा काळा असतो. हा पडदा म्हणजे विंडोजने स्वतःहून घेतलेला थांबा होय. आतली माहिती विस्कटलेली दिसली की पुढे जाऊन अधिक नुकसान करण्यापेक्षा विंडोज काम थांबवते आणि कारणाचा एक संकेत दाखवते.

तो संकेत वाचण्याआधीच संगणक पुन्हा सुरू होतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. ‘सिस्टीम प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढून टाकली की पडदा टिकून राहतो आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढता येतो. ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ असा संकेत आला, तर चूक हार्डवेअरनेच कळवलेली असते. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ दिसले तर रॅमकडे पाहावे, मात्र तो पुरावा मानू नये, कारण खराब ड्रायव्हरही हेच संदेश आणतो. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ बहुतेक वेळा डिस्ककडे बोट दाखवतो. दर वेळी संकेत बदलत असेल, तर तो बदलणे हीच सर्वांत बोलकी खूण समजावी.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी एक नोंद हमखास सापडते, आणि तीत ‘पॉवर’ हा शब्द वाचून लोक लगेच नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी आतली डबी, घेऊन येतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद केला गेला नव्हता. तो का बंद पडला, हे ती सांगत नाही. गोठलेला संगणक आपण बटण दाबून बंद केला तरी हीच नोंद पडते. तिच्यापेक्षा ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हे विंडोजमधलेच साधन घरगुती वापरासाठी सोयीचे आहे, कारण त्यात कोणत्या तारखेला काय कोसळले आणि त्याच्या आसपास कोणते अपडेट आले, हे दिवसावार ओळीने दिसते.

सोलापूरचा उन्हाळा आणि मागाची रुई

तपासणीची सुरुवात उष्णतेपासून करावी, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि आपल्याकडे ती सर्वांत जास्त त्रास देते. प्रोसेसरवर बसवलेली धातूची पात्यांची चौकट आणि तिच्यावरचा पंखा खोलीतल्या हवेनेच त्याला थंड करतात. म्हणून खोलीचे तापमान बारा अंशांनी वाढले की प्रोसेसरचे तापमानही साधारण तितकेच वाढते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत विनातक्रार चालणारा संगणक एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारीच बंद पडू लागतो, यामागे हे साधे गणित आहे. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, एएमडीच्या अलीकडच्या रायझनमध्ये ही मर्यादा ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान असते, आणि तरीही तापमान चढतच राहिले तर जळण्यापासून वाचण्यासाठी संगणक स्वतःची वीज तोडतो. त्यामुळे बंद पडण्याच्या आधी काही मिनिटे संगणक संथ झाला होता का, पंख्याचा आवाज चढला होता का, हे आठवून पाहावे. एचडब्ल्यू-इन्फो हे मोफत साधन चालू ठेवले तर तापमानाचे आकडे समोरच दिसतात.

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीच्या आसपास ज्यांचे घर आहे, त्यांनी कॅबिनेट एकदा उघडून पाहावेच. यंत्रमागावरून उडणारे सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत घरात येतात, पंखा ते आत ओढतो, आणि पंखा व धातूची पाती यांच्या मधोमध ते साठत जातात. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो आणि फिरतही असतो. चार स्क्रू काढून तो उचलला की खाली धूळ आणि तंतू यांचा एकजीव झालेला राखाडी थर सापडतो, जो एका टोकाला चिमटीत धरून सलग सोलून काढता येतो. पंखा फिरत असूनही हवा पात्यांपर्यंत पोहोचत नव्हती, हे तेव्हा डोळ्यांना दिसते. नुसत्या बाहेरून ब्लोअर मारण्याने हा थर निघत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भरधाव फिरून पंख्याचे बेअरिंग खराब होते.

याच वेळी आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. इंटेलच्या डब्यातून मिळणारा पंखा अनेक संगणकांत चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर मदरबोर्डला, म्हणजे सारे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाला, बसवलेला असतो, आणि त्यांतली एखादी खुंटी सुटली की धातूचा तळ प्रोसेसरला नीट टेकत नाही. बोटाने हलवून पाहिले की ते लगेच कळते. प्रोसेसर आणि धातू यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्टही काही वर्षांत वाळून भुगा होते, ती पुसून नव्याने लावावी. आणि कॅबिनेट संगणकाच्या टेबलातल्या दाराच्या कप्प्यात कोंडून ठेवलेले असेल, तर ते आधी बाहेर काढावे, कारण त्या कप्प्यात तीच गरम हवा फिरत राहते.

‘आमच्याकडे यूपीएस आहे, मग विजेचा दोष कसा?’

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या आतली ती डबी, जी भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेपासून संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर वीज तयार करते. या विजेत पाच टक्क्यांहून अधिक फरक पडू नये असा संकेत आहे, म्हणजे १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ याच पट्ट्यात राहिली पाहिजे. डबी जुनी झाली किंवा मुळातच हलकी असली की शांत असताना ती नीट वीज देते, आणि संगणकाने अचानक जोर मागितला की क्षणभर खाली घसरते. तो क्षण पुरेसा असतो. बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त डब्यांवर छापलेले वॅटचे आकडे विश्वासाने घेऊ नयेत. हातात घेतल्यावर हलकी लागणारी, नाव नसलेली डबी कमी पैशांत मिळते, पण बिघडताना ती मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकते.

यूपीएसचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. घरगुती यूपीएस वीज गेल्यावर बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद घेतो, आणि चांगला एसएमपीएस आपल्या कॅपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर पूर्ण भारातही सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणून आपल्याला काहीच जाणवत नाही. वयाने हे कॅपॅसिटर कमकुवत झाले की ती साठवण आटते, आणि यूपीएस ठणठणीत असूनही वीज गेली-आली की संगणक मात्र पुन्हा सुरू होतो. म्हणजे बदलायचा असतो एसएमपीएस आणि बदलली जाते यूपीएसची बॅटरी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका ‘इको’वर नसून ‘यूपीएस’वर आहे ना, हेही पाहावे, कारण इको मोडमध्ये अदलाबदलीला अधिक वेळ लागतो.

दिवसातल्या ठरावीक वेळी, शेजारचा पंप किंवा माग सुरू होताना, किंवा फ्रीजचा काँप्रेसर लागताना संगणक बंद पडत असेल, तर तो काही दिवस दुसऱ्या खोलीतल्या वेगळ्या सॉकेटवर, मधला एक्स्टेंशन बोर्ड काढून, थेट लावून पाहावा. सैल झालेला बोर्ड हा विजेचा सर्वांत स्वस्त दोष आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे. ते इलेक्ट्रिशियनकडून आधी दुरुस्त करून घ्यावे, कारण तो माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

एसएमपीएसची डबी मात्र घरी कधीही उघडू नये. तिच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो. ओळखीच्या दुकानातून दुसरी चांगली डबी काही दिवसांसाठी मागून आणून लावून पाहणे, हीच तिची खरी चाचणी आहे.

रॅमचा एकच खराब कण

८ जीबी रॅममध्ये सुमारे ६,८७० कोटी सूक्ष्म कप्पे असतात, आणि प्रत्येकात विजेचा अगदी थोडा भार साठवून ‘एक’ किंवा ‘शून्य’ लिहिलेले असते. हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा पुन्हा भरावा लागतो. यांतला एखादा कप्पा भार धरून ठेवू शकला नाही की त्यातला ‘एक’ ‘शून्य’ होतो. त्या जागी फोटोचा एखादा ठिपका असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. विंडोजची स्वतःची सूचना असेल तर सारा संगणक कोसळतो. दर वेळी विंडोज वेगळ्या जागी वेगळी गोष्ट ठेवते, म्हणून खराब कप्पा एकच असूनही कोसळण्याचे निमित्त आणि संकेत दर वेळी वेगळे दिसतात. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या एका अभ्यासात वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. सर्व्हरांत चूक पकडणारी विशेष रॅम असते. घरच्या संगणकात सहसा ती नसते, म्हणून चूक झाली हे कोणी सांगतही नाही.

आधी फुकटचा उपाय करावा. संगणक बंद करून वायर काढावी, चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज संपवावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी, आणि मगच रॅमच्या पट्टीच्या कडेचे खटके उघडून ती सरळ वर काढावी. खालच्या सोनेरी पट्ट्यांवर धूरकट थर दिसला तर पांढऱ्या मऊ खोडरबरने एकाच दिशेने हलके पुसावे, रबराचा भुगा पट्टीवर किंवा स्लॉटमध्ये राहू देऊ नये, आणि पट्टी परत बसवताना खटका स्वतःहून टक असा मिटेपर्यंत दाबावी. कित्येक संगणकांचा आजार इथेच संपतो, कारण दोष रॅमचा नसून सैल किंवा मळलेल्या जोडणीचा असतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमचा वाढीव वेग देणारे ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ चालू असेल तर तेही बंद करून पाहावे.

तरीही त्रास राहिला तर चाचणी. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे, पण मेमटेस्ट८६ प्लस हे मोफत साधन पेन ड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालवणे अधिक खात्रीचे आहे. त्यात एकही चूक दिसली तरी ती नजरेआड करू नये. चूक सापडल्यावर पट्ट्या एकेक करून, आणि प्रत्येक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये, तपासावी. पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चुकत असेल तर दोष पट्टीचा, आणि एकाच स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या चुकत असतील तर दोष बहुधा मदरबोर्डचा. दुसऱ्या परिस्थितीत नवी रॅम आणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

चाचणी निर्दोष निघाली म्हणजे रॅम चांगली, असे मात्र म्हणता येत नाही. काही कप्पे तापल्यावरच चुकतात, म्हणून पहाटेच्या गारव्यात पास झालेली रॅम मेच्या दुपारी पुन्हा तपासावी. चूक सापडली तर दोष कुठे शोधायचा ते कळते. सापडली नाही तर संशय कमी होतो, संपत नाही. नवी पट्टी विकत घेण्याआधी जुन्या पट्टीचे बिल शोधावे, कारण अनेक कंपन्या रॅमवर बऱ्याच वर्षांची, काही तर आजीवन मर्यादित वॉरंटी देतात, आणि सध्याच्या भावात ती वॉरंटी मोलाची आहे. पट्टीवरचे स्टिकर फाडू नये, क्रमांक त्याच्यावरच असतो.

डिस्क आणि उरलेले भाग

हार्ड डिस्क आणि एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ती वाचून दाखवते. हार्ड डिस्कमध्ये ‘रिॲलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ या दोन ओळींतला आकडा शून्यावरून वाढू लागला असेल, तर डिस्कचे दिवस भरत आले असे समजून ती बदलावी. ‘सीआरसी एरर’ची ओळ वाढत असेल तर डिस्कऐवजी आधी तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून पाहावी, जी अगदी थोड्या पैशांत मिळते.

वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल आणि मदरबोर्डवर चित्राची सोय असेल, तर कार्ड काढून काही दिवस वापरून पाहावे. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपासचे उभे डबीवजा कॅपॅसिटर सपाट माथ्याचे असावेत. माथा फुगलेला किंवा त्यातून तपकिरी द्रव झिरपलेला दिसला तर बोर्ड संपत आला आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू होताना दोन-तीनदा बंद पडणारा आणि गरम झाल्यावर दिवसभर चालणारा संगणकही बहुधा अशाच थकलेल्या कॅपॅसिटरचा असतो, मग ते बोर्डवरचे असोत वा एसएमपीएसमधले.

प्रोसेसर क्वचितच खराब होतो, म्हणून त्याच्यावर शेवटी यावे. एक अपवाद ठाऊक असावा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे अस्थिर होत होते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या दुरुस्तीने पुढचे नुकसान थांबते, झालेले भरून निघत नाही. ज्यांच्याकडे असा प्रोसेसर आहे त्यांनी बायोस अपडेट करावा आणि तरीही त्रास राहिला तर वॉरंटीत दावा करावा.

‘दुकानात नेला की व्यवस्थित चालतो’

ही तक्रार खरी असते आणि तिच्यामागे कारणेही असतात. दुकानात वायर दुसरी, बोर्ड दुसरा, कॅबिनेटचे दार उघडे, वर पंखा किंवा एसी, आणि संगणकावर काम असे काहीच नाही. शिवाय रिक्षात किंवा दुचाकीवर नेताना बसलेल्या हादऱ्यांनी सैल जोडणी कधी कधी तात्पुरती जुळते. म्हणून संगणक नेताना घरची वायर सोबत द्यावी, आणि कोणत्या वेळी, काय करताना, कोणत्या प्रकाराने बंद पडला याची नोंद व पडद्याचे फोटो दुरुस्त करणाऱ्याच्या हाती ठेवावेत. ‘मधूनच बंद पडतो’ एवढ्या माहितीवर चांगल्या कारागिरालाही फॉरमॅटपलीकडे फारसे काही करता येत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दोष गेला हे कशावरून समजायचे?

एका वेळी एकच बदल करावा. पेस्ट, रॅम आणि एसएमपीएस एकाच दिवशी बदलले आणि संगणक सुधारला, तर तीनपैकी दोन खर्च वाया गेले आणि कोणते ते कधीच कळणार नाही. बदलानंतर किती वाट पाहायची, यासाठी एक उपयोगी हिशेब आहे. संगणक सरासरी जितक्या दिवसांनी बंद पडत होता, त्याच्या तिप्पट दिवस तो विनाअडथळा चालला पाहिजे. दर दोन दिवसांनी बंद पडणारा संगणक सहा दिवस नीट चालला, तर हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे पाच टक्केच उरते. दोन दिवस नीट चालला म्हणून दुरुस्त झाला असे मानणाऱ्यांची मात्र तीनपैकी एका वेळी फसगत होते. या दिवसांत संगणक नेहमीसारखाच वापरावा. जपून, कमी वापरला तर चाचणीला अर्थ राहत नाही.

‘एवढा खटाटोप कशाला, नवाच घेऊ’

हा आक्षेप काही वेळा योग्यच असतो. मदरबोर्ड खराब आहे हे सिद्ध झाले, संगणक जुना आहे आणि त्याच्यावर विंडोज ११ चालत नाही, तर त्या बोर्डाच्या शोधात जुन्या बाजारात फिरण्यापेक्षा थांबणे शहाणपणाचे. मात्र दोष धुळीचा, पेस्टचा, सैल रॅमचा किंवा एसएमपीएसचा असेल, तर नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने अगदी थोड्या खर्चात तो बरा होतो. नवा घ्यायचे ठरलेच, तर जुन्यातली डिस्क निर्दोष असल्याची खात्री करून ती यूएसबीच्या बाहेरच्या डबीत बसवावी, म्हणजे फाइली साठवायला ती उपयोगी पडते. रॅमची पट्टी चाचणीत पास झाली असेल आणि नव्या बोर्डावर तीच पिढी चालत असेल तर तीही वापरता येते, पण डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, हे दुकानात जाण्याआधी पाहून घ्यावे. आणि ज्या सॉकेटवर जुना संगणक बंद पडत होता त्याची व अर्थिंगची तपासणी झाल्याशिवाय नवा संगणक तिथे लावू नये.